रविवारचा उणा बर्फ

१

"इर्या, तुमच्या अंगणातला बर्फ पुन्हा चोरीला गेला वाटतं," डेल ब्रिसेट फोनवर म्हणाला.

सोमवारची सकाळ होती. मी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. डेल हवामान कार्यालयात बसतो. सरोवराच्या काठाने जेवढी माणसं घरच्या अंगणात बर्फ मोजतात, त्या सगळ्यांचे आकडे रोज सकाळी त्याच्याकडे जातात.

"आजूबाजूला सगळ्यांकडे काल आठ इंच," तो म्हणाला. "तुझ्याकडे पाच. त्याच्या आधीच्या रविवारी तेच, त्याच्या आधीच्याही. सोमवार ते शनिवार तुझा आकडा चोख असतो. रविवारी तुमच्याकडे असतं तरी काय?"

"चर्च असतं."

"बर्फही जातो का चर्चला?"

मी हसले नाही, म्हणून तोही थांबला. मग वेगळ्या आवाजात म्हणाला, "हे बघ, उऱ्होच्या जागेला हात लावायची माझी इच्छा नाही. पण वर बसलेल्यांना उऱ्हो माहीत नाही, त्यांना फक्त आकडे दिसतात. महिनाअखेरपर्यंत हे सुधारलं नाही, तर बर्फ मोजायचं केंद्र शेजारच्या ओन्नी पेल्कोलाच्या अंगणात हलवावं लागेल."

उऱ्हो केस्तिला म्हणजे माझे बाबा. ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आधीच, ते गेले. त्यांनी चाळीस हिवाळे या अंगणात बर्फ मोजला आणि एकही सकाळ चुकवली नाही. मी मिलवॉकीतल्या नोकरीवर रजा टाकून आले ती आईसाठी, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर ती फळी रिकामी राहू नये म्हणूनही आले होते.

फळी म्हणजे दोन फुटी चौकोनी प्लायवूड, पांढरा रंग दिलेलं. पांढरा अशासाठी की उन्हाने तापून खालचा बर्फ वितळायला नको. ती झाडांपासून आणि छपरापासून दूर, उघड्यावर ठेवायची. सकाळी सात वाजता तिच्यावरच्या बर्फात पट्टी उभी करायची, आकडा घ्यायचा, फळी झाडायची आणि नव्या बर्फाच्या पाठीवर पुन्हा ठेवायची. त्यामुळे हिवाळाभर ती अंगणात तराफ्यासारखी वर वर चढत जाते. शेजारी खांबावर पत्र्याचा एक उंच डबा असतो. त्यात पडलेला बर्फ वितळवून पाणी मोजायचं. बस, एवढंच. यात चुकायला जागाच नाही, असं बाबा म्हणायचे.

मी खिडकीतून पाहिलं. आई बाहेर पक्ष्यांना दाणे टाकत होती. तिला यातलं काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. तिच्यावर आधीच पुष्कळ गुदरलं होतं.

२

बर्फ कमी होतो म्हणजे कोणीतरी तो काढतं. कोण, एवढंच शोधायचं होतं. शनिवारी आमच्याकडे कोण येतं हे गावाला माहीत आहे. बाबांनी बांधलेला सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी खोली, शनिवारी पेटतो आणि तीन माणसं ठरलेली येतात. बाबा गेल्यावरही ती येत राहिली. मी मात्र ऑक्टोबरापासून त्या गरम खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, आणि आईलाही जाताना पाहिलं नव्हतं.

पहिला संशय अर्थातच ओन्नीवर. तो कुंपणापाशी फावडं टेकून उभा होता. त्याची स्वतःची फळी आहे, स्वतःचा डबा आहे आणि गेली वीस वर्षं रोज सकाळी कुंपणावरून बाबांशी दशांश इंचावरून भांडायचा त्याचा नेम होता.

"ओन्नी, केंद्र तुम्हाला हवं आहे का?"

"म्हणजे काय? हवंच आहे," तो म्हणाला. "तुझ्या बापाला तोंडावर सांगितलं होतं, तू मेल्यावर मी घेणार. तो म्हणाला, आधी तू मरशील. हरला."

"दर रविवारी माझा बर्फ कमी भरतोय."

"मग मी चोरतोय? माझ्या छपरावर इतका साठलाय की बायको झोपताना प्रार्थना जास्त म्हणायला लागली. मला आणखी कशाला?" मग तो जरा जवळ आला. "डब्यात पाणी किती येतं?"

मी सांगितलं. त्याने डोळे बारीक केले. "माझ्याइतकंच येतं की. म्हणजे आभाळ दोघांना सारखंच देतंय. तुझ्या फळीवर पोचल्यावर काहीतरी होतंय. आता शोध. नाही सापडलं तर पहिल्या तारखेला मी डबा न्यायला येतोच."

दुसरी, ग्लॅडिस ट्रेगियर. आईची मैत्रीण, कॉर्नवॉलच्या खाणकामगारांची नात. तिला दिसेल तिथला बर्फ झाडायची सवय आहे. दुसऱ्याच्या पायऱ्या, दुसऱ्याच्या गाड्या, एकदा तर चर्चबाहेर उभ्या असलेल्या पाद्रीबाबांचे खांदे.

"फळी मी झाडली?" ती कणीक मळता मळता म्हणाली. "बाई गं, एकदा झाडली होती, अठ्ठ्याऐंशी साली. तुझे बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर त्या फळीकडे मी नुसतं बघितलं तरी माझे हात मागे जातात."

तिसरा, रेइनोमामा. त्याच्याकडे बर्फ उडवायचं मशीन आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून सौनापर्यंतची वाट तोच कापतो. जानेवारीपर्यंत ती वाट म्हणजे मांडीएवढ्या उंच बर्फाच्या भिंतींची गल्ली होते.

"मशीनने उडालेला बर्फ फळीवर पडला तर आकडा वाढेल," तो शांतपणे म्हणाला. "तुझा कमी होतोय. डोकं चालव, पुस्तकं वाचतेस ना एवढी? आणि एक सांगू? आत ये, बस, हे पोस्टकार्डासारखं ताठ तोंड जरा सैल होऊ दे. तुला बघून माझी कॉफी गार होते."

तिघांपैकी कोणी कबूल केलं असतं तर बरं झालं असतं. तिघेही खरं बोलत होते असं वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं.

३

शनिवार आला. दुपारपासून सरोवरावरून बर्फ येऊ लागला. हलका, मोठ्या पाकळ्यांचा, एकमेकींना न चिकटणारा. मी फळी तपासली. ती गल्लीच्या भिंतीला लागूनच, काठावर, अगदी सपाट बसली होती.

चार वाजता ग्लॅडिस सौनात गेली, मग मामा आणि ओन्नी. तेवढा वेळ मी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हलले नाही. तिघे लालबुंद होऊन बाहेर आले, गल्लीत वाफाळत उभे राहिले, कपडे घालून घरात आले. फळीच्या वाटेला कोणी गेलं नाही.

सात वाजता तिघे चर्चच्या हॉलकडे निघाले. तिथे दर शनिवारी पेस्टीचं, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीचं, जेवण असतं आणि अ‍ॅकॉर्डियनवर नाच.

"तूही जा," आई म्हणाली. तिने माझा कोट आधीच हातात धरला होता.

"आज मला घरी थांबायचंय."

"कशाला? पहारा द्यायला? दुपारपासून खिडकीतून अंगणाकडे डोळे लावून बसली आहेस, मला दिसतंय. इर्या, बर्फावर पहारा ठेवला म्हणून कळलं तर मला या गावात तोंड दाखवता येणार नाही. जा. मी थकले आहे, लवकर झोपते."

मी विचार केला. तिन्ही संशयित हॉलमध्ये असणार. नजर ठेवायची ती त्यांच्यावर. म्हणून गेले. ग्लॅडिसने ताटात दोन पेस्ट्या वाढल्या, मामाने मला ओढून दोनदा नाचवलं, ओन्नी माझ्या समोरच्या खुर्चीवरून हलला नाही. नऊ वाजून गेल्यावर आम्ही सगळे मामाच्या गाडीतून एकत्र परतलो. घरात अंधार होता. आई झोपली होती. बर्फ पडतच होता.

चोर माझ्या डोळ्यांसमोर होते, तेव्हा सकाळचा आकडा पुरा भरायला हवा होता.

सकाळी सात वाजता मी गल्लीतून गेले. फळीवर बर्फ मऊ, कोरा. पावलाचा, पंजाचा, खराट्याचा एकही ओरखडा नाही. फक्त फळीच्या जागी किंचित खोलगट, बशीसारखं. मी पट्टी उभी केली.

साडेपाच इंच.

कुंपणापलीकडून ओन्नी ओरडला, "नऊ! तुझा किती?"

मी पट्टी खिशात घातली. पाण्याला डबा असल्यामुळे फळीवरचा बर्फ वितळवायची गरज नसते. त्या दिवशी मात्र मी तेवढ्याच तोंडाचा दुसरा डबा उलटा करून फळीच्या मधोमध दाबला, आतला बर्फ तेवढा कापून घेतला आणि चुलीवर वितळवला. मग खांबावरच्या डब्यातला वितळवला. दोन्ही पाणी एकाच नळीतून मोजलं.

सारखं होतं. थेंबभरही कमी नाही.

म्हणजे बर्फ चोरीला गेलाच नव्हता. नऊच्या नऊ इंच माझ्या फळीवर होते, साडेपाच इंचांत.

४

मी पावाची सुरी घेऊन पुन्हा बाहेर गेले. फळीवर उरलेला बर्फ केकसारखा उभा कापला आणि कापलेल्या बाजूकडे पाहत गुडघ्यांवर बसले.

वर पाच इंच पिसासारखा बर्फ. त्याच्याखाली पातळ, चमकणारी बर्फाची काच. त्या काचेखाली जेमतेम अर्धा इंच, पिठाच्या वडीसारखा घट्ट दाबलेला थर.

"काय कापतेस?" ओन्नी कुंपणावर वाकला. "वाढदिवस आहे कोणाचा?"

"काल रात्री तुमच्याकडे किती पडला होता? हॉलला निघताना?"

"तीन इंच. परतलो तेव्हा पाच."

"सहा तासांच्या आत फळी झाडायची नसते. वरचेवर झाडली तर बर्फ बसतच नाही आणि बेरीज फुगते."

"मला शिकवू नकोस. झाडली नाही, नुसती पट्टी खुपसून बघितली. तुझा बापही बघायचा, कोणाला सांगायचा नाही."

मी मनात मांडणी केली. रात्रभरात नऊ इंच पडला. काचेच्या वर पाच आहे, म्हणजे पाच इंच नंतर पडला. तर मग जे काही झालं तेव्हा फळीवर चार इंच होता. तीन होता तेव्हा आम्ही निघालो, पाच होता तेव्हा परतलो. चार इंच मधेच कधीतरी होता.

आणि त्या चार इंचांचा अर्धा इंच झाला होता. म्हणजे काहीतरी जड, फळीएवढं रुंद, तिच्यावर टेकलं होतं. मशीन नाही, खराटा नाही. ते जड काहीतरी गरमही होतं, नाहीतर वितळून गोठलेली काच तयार झाली नसती. आणि ते गल्लीतून आलं होतं, कारण बाजूच्या बर्फावर खळगा नव्हता. मी गल्लीत उतरून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हिवाळाभर वर चढत आलेली फळी आता बरोबर खुर्चीच्या उंचीवर होती. मागे सरकलं की बसताच आलं असतं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत गरम काय असतं, हे कोणत्याही फिनिश माणसाला सांगावं लागत नाही.

पण सौनातून निघालेली तिन्ही माणसं तेव्हा माझ्यासमोर पेस्टी खात होती.

मी सौनाचं दार उघडलं. लाकडी बाकाखालची फरशी अजून ओली होती. मामा आणि ओन्नी सहाच्या आत बाहेर पडले होते, आणि ती खोली भट्टी विझल्यावर बारा तासांत कोरडी होते. भट्टीवर हात धरला. तिच्यावर रचलेले दगड अजून कोमट होते.

ओन्नी कुंपणापलीकडे वाट बघत होता. "सापडला का चोर?"

"सापडला," मी म्हणाले. "पण तुमच्या हाती देणार नाही."

५

आई वेलदोड्याचा पाव कापत होती. मी समोर बसले. ती नेहमीसारखी राखाडी स्वेटरमध्ये, केस घट्ट बांधलेले. केसांना सौनात अंगावर मारायच्या बर्चच्या पानांचा आणि धुराचा वास येत होता. गेले कित्येक रविवार चर्चमध्ये शेजारी बसून तो वास मी घेत होते, आणि तो बाकावरच्या दुसऱ्या कोणाचा तरी असेल असं समजत होते.

"आई, काल सौना छान तापला होता का?"

तिने सुरी खाली ठेवली. "कशावरून?"

मी सांगितलं. पाणी, काच, अर्ध्या इंचाचा थर, चार इंचांचा हिशेब. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चार इंच होता? मला जास्त वाटला. बसल्यावर खूप मऊ लागला."

"आई, त्या फळीवर कोणी बसतं?"

"चाळीस वर्षं कोणी बसलं नाही. तेच तर." तिने पावाचा तुकडा माझ्याकडे सरकवला. "तुझ्या बाबांनी फळीसाठी जागा कशी शोधली माहीत आहे? झाड नको, छप्पर नको, वारा घुमायला नको, वर सगळं आभाळ हवं. अशी जागा अख्ख्या अंगणात एकच. सौनातून बाहेर आलं की मला तिथेच बसावंसं वाटायचं. आणि हा माणूस टॉवेल गुंडाळून दारात उभा. 'साइमा, फळी.' लग्न झाल्यापासून. 'साइमा, फळी.' मी आपली कोपऱ्यात, देवदाराखाली, मानेवर झाडाचा बर्फ झेलत उभी."

मला हसू येत होतं आणि ते कुठे ठेवावं कळत नव्हतं.

"जानेवारीत एकदा बाहेर आले," ती म्हणाली, "तर फळी बरोबर कमरेखाली. कोणी हटकणारं नाही. बसले. इर्या, काय सांगू तुला. अंगातून वाफ वर जाते आणि वरून बर्फ खाली येतो, आणि मधे तू. मोठ्याने हसले मी. मग पुढच्या शनिवारी पुन्हा."

"मला का नाही सांगितलंस? मला हॉलला पाठवून चोरून कशाला?"

ती उठली, कॉफी ओतली. पाठमोरीच बोलली. "तू ऑक्टोबरापासून भिंतीकडे तोंड करून भांडी घासतेस. एका पातेल्याचा तर तळ जाईल आता. तुझ्यासमोर मी सौनातून हसत कशी येऊ? तू म्हणाली असतीस, हिला काहीच वाटत नाही."

"मला वाटत होतं, तू खचली आहेस. तुला त्रास नको म्हणून मी बोलत नव्हते."

"आणि मी तुला त्रास नको म्हणून चोरून जात होते. हुशारच आहोत दोघी. तुझ्या बाबांना हे कळलं तर..."

ती बोलता बोलता थांबली. हसायला लागली आणि हसता हसताच डोळे पुसू लागली. मीही. पाव तसाच राहिला.

मग मी तिला डेलचं सांगितलं. महिनाअखेर. ओन्नीचं अंगण. तिचा चेहरा उतरला.

"माझ्यामुळे उऱ्होची जागा जाणार?"

"अजून गेली नाही."

"तू आकडे दुरुस्त करून पाठव. ओन्नीचे घे. पाण्यावरून काढ. नऊ होता तर नऊ लिही."

"पट्टीने जो मोजला नाही तो आकडा पाठवायचा नाही, आई. ते रविवार रिकामे ठेवावे लागतील."

आईने खिडकीतून फळीकडे पाहिलं. त्या माणसाने एकही सकाळ चुकवली नव्हती, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

"ठेव रिकामे," ती म्हणाली. "डेलला बोलाव. खरं काय ते मीच सांगते."

६

डेल पुढच्या रविवारी पहाटेच निघून आला. आदल्या संध्याकाळी मामाने गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, सौनाच्या दाराजवळ, बर्फाच्या भिंतीत फावड्याने ऐसपैस बैठक कापली होती. मी आणि आई सौनातून एकत्र बाहेर पडलो आणि तिथे बसलो. ग्लॅडिसही येऊन आमच्या मधे घुसली. आम्ही तिघी वाफाळत बसलो होतो आणि घरातून मामा ओरडत होता की आमच्या किंकाळ्यांनी हॉलमधला अ‍ॅकॉर्डियन ऐकू येत नाही. हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

सकाळी सात वाजता डेलने स्वतःची पट्टी काढली, फळीवर तीन ठिकाणी उभी केली. "सात आणि दोन दशांश." मग कुंपणाकडे वळला. "ओन्नी?"

"सात आणि तीन," ओन्नी म्हणाला. "माझा बरोबर आहे."

डेलने डब्यातलं पाणी, फळीवरचं पाणी दोन्ही मोजलं. जुळलं. मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो आणि आईने त्याला सगळं सांगितलं, काही न गाळता. टॉवेलसुद्धा. डेल ब्रिसेट हा सभ्य माणूस आहे. तो कॉफीच्या कपात पाहत राहिला, पण त्याचे खांदे हलत होते.

"केंद्राचं काय?" मी विचारलं.

"इतके रविवार रिकामे राहणार," तो म्हणाला. "वरच्यांना मी सांगू शकतो की कारण कळलं आणि दूर झालं. पण इर्या, तू वसंतात परत जाणार. मग इथे मोजणार कोण? ओन्नी तयार आहे."

ओन्नी बूट न काढता दारातच उभा होता. "मी नाही तयार," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"काय बघता? केंद्र माझ्याकडे आलं, तर इकडे मोजणारं कोणी उरणार नाही. मग मी रोज सकाळी भांडू कोणाशी, खारींशी? मला बरोबर असायचं आहे, एकटं नाही. हिला द्या." त्याने आईकडे बोट दाखवलं. "हिला चाळीस वर्षांत सगळं पाठ झालंय. उऱ्हो आजारी पडला की पट्टी कोण उभी करत होतं, वाटलं तुम्हाला?"

मी आईकडे पाहिलं. ती पाव कापत होती.

"फ्लू झाला होता त्याला दोनदा," ती म्हणाली. "सही त्याची होती. आकडे बरोबर होते."

डेलने पेन काढलं. "साइमा, तुम्ही घ्याल?"

"घेईन."

त्याने कागदावर तिच्या नावाची नोंद केली. मग रिकाम्या रविवारांपाशी आला आणि जरा घुटमळला. "इथे कारण लिहावं लागतं. मी लिहितो, 'फळीवर अडथळा.'"

"अडथळा?" आईने सुरी खाली ठेवली. "मी अडथळा आहे का?"

"बरं, मग काय लिहू?"

"हे कागद किती दिवस ठेवता तुम्ही?"

"कायमचे. शंभर वर्षांनी कोणी इथला बर्फ शोधायला आलं, तर हेच वाचेल."

आईने हात पुसले, त्याच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली आणि कागदावर बोट ठेवलं.

"मग लिही, साइमा केस्तिला इथे बसली होती. आणि बर्फ छान होता, तेही लिही."